मेहरूणच्या गाळातली वीज

चिखलातून वीज निघते, असं मी भाभीजींना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या सुपात तूरडाळ पाखडत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "निघू दे," म्हणाल्या, "पण माझ्या अंगणात नको."

भाभीजी म्हणजे माझ्या घरमालकीण. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी जळगावच्या एका कॉलेजात तासांवर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. दाणाबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराची पाठीमागची खोली मी भाड्यानं घेतली होती. घराणं मूळचं मारवाडातलं, जैन; पण जळगावात राहून त्यांच्या तीन पिढ्या झाल्या होत्या. शेठजींचा डाळीचा व्यापार होता आणि मुली लग्न होऊन गेल्या होत्या. अख्खी गल्ली त्यांना भाभीजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे, जरी त्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या. खोली देतानाच त्यांनी अटी सांगून टाकल्या: कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, आणि नळाचं पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय माठात ओतायचं नाही. मी साक्रीकडची, शेतकऱ्याची मुलगी. कांद्यावाचून भाकरी खायची म्हणजे शिक्षाच. पण खोली स्वच्छ होती, आणि बाई जे बोलायचं ते तोंडावर बोलणारी होती. माझाही स्वभाव तसाच असल्यामुळे आमचं एकतर छान जमणार होतं, नाहीतर महिन्याभरात वाजणार होतं.

चिखलाचं प्रकरण असं होतं. कॉलेजनं सांगून ठेवलं होतं, की तासांवरच्या लोकांमध्ये ज्यांची पीएच.डी.साठी नोंदणी झाली असेल त्यांनाच पुढच्या वर्षी बोलावणार. नोंदणी व्हायची तर विषय मंजूर व्हायला हवा, आणि विषय मंजूर करणारी समिती जूनमध्ये बसणार होती. माझे मार्गदर्शक सर धुळ्याला असत. त्यांनी मला एक विषय तयार ताटासारखा पुढे केला होता: केळीच्या बागेतल्या मातीत कोणते जिवाणू किती, त्याची मोजदाद. विषयात वाईट काही नव्हतं. पण माझ्या आधी दोघांनी असोद्याच्या केळीत तेच केलं होतं, आणि पुढेही कुणी ना कुणी करतच राहणार होतं. मला उष्टं ताट नको होतं. मी नको म्हटलं, तर सरांनी जराही न रागावता तो विषय दुसऱ्याला देऊन टाकला आणि मला म्हणाले, "मग तुझी ती चिखलाची वीज जूनपर्यंत दाखव." म्हणजे दाखवली तर नोकरी, नाही तर बाडबिस्तरा बांधून साक्रीची एसटी. घरी कुणी मला हाकललं नसतं. पण परत जाणं आणि परत पाठवलं जाणं यात फरक असतो, आणि तो मला सहन झाला नसता.

आता ही वीज कसली, तेही सांगते. जिवाणूंनी अन्न खाल्लं की त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन उरतात. ते कुणाच्या तरी हवाली केल्याशिवाय पुढचा घास घेता येत नाही. आपण ते श्वासातल्या ऑक्सिजनच्या हवाली करतो. तळ्याच्या तळाशी गाळात ऑक्सिजन पोचतच नाही, म्हणून तिथले काही जिवाणू ते मातीतल्या लोखंडाला देतात. माझा प्रश्न इतकाच होता, की लोखंडाऐवजी मी गाळात कार्बनची कांडी पुरली, तर ते तिला देतील का? दिले, तर त्या कांडीला तार जोडायची, ती गाळावरच्या पाण्यात सोडलेल्या दुसऱ्या कांडीपर्यंत न्यायची आणि मध्ये मीटर लावायचं. इलेक्ट्रॉन तारेतून चालू लागले की काटा हलणार. पण आमच्या वाचनात तेव्हा जे काही होतं, त्यात असं मानलं होतं की जिवाणू आपण होऊन कांडीला काही देत नाही. मध्ये हमाल लागतो. हमाल म्हणजे मिथिलीन ब्लू, प्रयोगशाळेत असतो तो निळा रंग. तो जिवाणूकडून इलेक्ट्रॉन उचलतो, कांडीपाशी टाकतो आणि दुसरी खेप आणायला परत जातो. दाणाबाजारात पोती ट्रकपासून गोदामापर्यंत पाठीवरून जायची, तसंच.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, प्रयोगशाळेला कुलूप पडलं, म्हणून सगळा संसार घरी हलवावा लागला. भौतिकशास्त्राच्या विभागाकडून एक मायक्रोॲमीटर सुट्टीपुरतं मागून घेतलं. टॉर्चचे संपलेले सेल फोडून आतल्या काळ्या कांड्या काढल्या. कुंभाराकडून तीन मडकी आणली, आणि मेहरूण तलावाच्या काठाचा काळा गाळ पत्र्याच्या डब्यांत भरून रिक्षात घातला. रिक्षावाल्यानं डब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, गणपती आत्तापासूनच?"

भाभीजींनी मात्र दारातच अडवलं. गाळाला वास होता, नाही म्हणत नाही. त्या नाकाला पदर लावून म्हणाल्या, "हे घाण पाणी घेऊन आत यायचं नाही. कुठून आणलंस तिथं टाकून ये." मी बरंच समजावलं. नोकरीचं सांगितलं, जूनचं सांगितलं. त्या ढिम्म. शेवटी मला एक शक्कल सुचली. मी म्हटलं, "भाभीजी, हा नुसता चिखल नाही. यात जीव आहेत. उन्हात टाकला तर मरतील सगळे."

त्यांचा पदर नाकावरून खाली आला. पावसाळ्यात शेवाळावर पाय पडू नये म्हणून स्वतःच्याच अंगणात वळसा घालून चालणारी ती बाई. "किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"मोजता यायचे नाहीत."

त्या थोडा वेळ डब्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पेरूखाली ठेव. तिथं सावली असते." जिंकले म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे कळायला मला पुढचा महिना लागला.

पेरूखाली तीन मडकी मांडली. रोज सकाळी माझं काम ठरलेलं. कांड्या गाळातून उपसायच्या, त्यांच्यावर धरलेला बुळबुळीत थर राख आणि काथ्या घेऊन खसाखसा घासायचा, काळी कांडी चकचकीत झाली की परत पुरायची, वरून निळ्या रंगाचे थेंब टाकायचे आणि मीटर लावायचं. काटा थोडा हलायचा. दुपारपर्यंत पुन्हा मान टाकायचा. दुसऱ्या दिवशी मी आणखी जोर लावून घासायचे. हे घासणं मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. ते आईनं शिकवलं होतं. आमच्या घरी भांड्याला बोट लावून चर्र वाजलं नाही तर ते पुन्हा राखेत जायचं. बुळबुळीत वस्तू दिसली आणि मी ती घासली नाही, असं होणं शक्यच नव्हतं. आणि प्रयोगाची वस्तू स्वच्छ हवी हे तर आम्ही वर्गातही शिकवायचो. काटा मात्र दिवसेंदिवस आळशी होत चालला. रात्रीची झोप उडाली नाही, मी झोपेची पक्की आहे, पण जेवताना, केस विंचरताना डोळ्यांपुढे तो काटाच असायचा.

भाभीजी नाही नाही म्हणता त्यात ओढल्या गेल्या. सकाळी जैन स्थानकातून प्रवचन ऐकून आल्या की पेरूखाली येऊन उभ्या राहायच्या. काटा कसा वाचायचा ते त्यांना मी शिकवलं होतं. "आज काय म्हणतात तुझे जीव?" असं विचारायच्या, आणि काटा पडलेला दिसला की "दमले असतील," म्हणून आत जायच्या. त्याचा मला राग यायचा, कारण मला तेवढंही सुचत नव्हतं.

अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. मी सासुरवाशीण नव्हते, पण नोकरीसाठी परगावी राहणारी लेक म्हणजे आमच्याकडे जवळजवळ तसंच. न्यायला धाकटा भाऊ आला. पेरूखालच्या मडक्यांसमोर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अक्का, हाई काय शे? गटारनी माती घरमा कसाले ठेयेल शे?"

"गटारीची नाही, तळ्याची आहे. आणि हात लावू नको."

"हात लावाले मी येडा शे का?" तो म्हणाला आणि लांब जाऊन बसला.

मी जायला तयार नव्हते. एक दिवस कांड्या घासल्या नाहीत तर सगळं फुकट जाईल अशी माझी खात्री होती. पण आखाजीला लेक आली नाही तर आई वर्षभर बोलून दाखवणार. शेवटी मी भाभीजींना सगळं करून दाखवलं: कांडी अशी काढायची, राखेनं अशी घासायची, निळे थेंब इतके. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. आखाजीला त्यांच्याकडेही मोठा दिवस असतो. वर्षभर एक दिवसाआड उपवास केलेली माणसं त्या दिवशी उसाच्या रसानं पारणं करतात, आणि त्यांची नणंद त्यातली होती. तरी त्या म्हणाल्या, "तू जा बेटा. मडक्यांकडे मी बघते."

गावी सांजोऱ्या खाल्ल्या, डांगर खाल्लं, कांदा तर दोन्ही वेळेला खाल्ला. कडुलिंबाला झोके बांधले होते, मैत्रिणी सासरहून आल्या होत्या, आणि मी त्यांच्यात बसून मनातल्या मनात कांड्या घासत होते. चुलीवर दूध उतू गेलं तेव्हा आई म्हणाली, "पोर, तुनं ध्यान कथं शे?" मी म्हटलं जळगावात. तिला वाटलं तिथं कुणी मुलगा आहे, आणि ती दोन दिवस माझ्याशी फार गोड वागली.

परत आले ती थेट पेरूखाली. मडक्यांवर टोपल्या उपड्या घातलेल्या, वर दगड. निळ्या रंगाची बाटली मी ठेवली होती तिथंच, भरलेली. एक कांडी थोडी वर ओढून पाहिली तर तिच्यावर जाड बुळबुळीत थर. म्हणजे इतक्या दिवसांत बाईंनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाभीजी, तुम्ही घासलं नाही?"

"नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "डाळ धुतलेलं पाणी घालत होते वरून, सुकू नये म्हणून."

"पण मी सांगून गेले होते! तुम्ही हो म्हणाला होता!"

"मडक्यांकडे बघते म्हणाले होते. बघितलं." मग त्यांचाही आवाज थोडा चढला. "तूच म्हणालीस ना, जीव आहेत? त्या कांडीवर तेच बसले असतील ना? मी त्यांना राखेनं घासू? माझ्यानं नाही होणार."

माझा महिना, माझी नोकरी, सगळं त्या टोपलीखाली कुजलेलं मला दिसत होतं. आता सगळं नव्यानं मांडायचं तर वेळही उरला नव्हता. निदान किती नुकसान झालंय ते तरी बघू, म्हणून मी रागारागानं मीटर जोडलं.

काटा उठला आणि वर जाऊन थांबला. इतका वर तो कधीच गेला नव्हता. मला वाटलं तार कुठंतरी चुकीची चिकटली. सोडवून पुन्हा जोडली. पुन्हा तेच. दुसरं मडकं, तिसरं मडकं, तेच. दुपारी तो मान टाकेल म्हणून मी उन्हात बसून राहिले. तो हलला नाही. संध्याकाळीही तिथंच होता.

मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. निळा रंग घातलेलाच नव्हता, तरी इलेक्ट्रॉन कांडीपर्यंत पोचत होते. हमालाची गरजच नव्हती. तो बुळबुळीत थर म्हणजेच जिवाणूंची वस्ती होती. ते कांडीला चिकटून बसले होते आणि हातातल्या हातात देत होते. मी रोज सकाळी राख घेऊन त्यांचीच वस्ती उठवत होते, आणि वर काटा का पडतो म्हणून रडत होते. मला इतकं हसू आलं की भाभीजी बाहेर आल्या. मी त्यांना धरून गरगर फिरवलं. "सोड, पडीन मी," म्हणत त्याही हसत होत्या. पुढे काही वर्षांनी, असे जिवाणू मध्यस्थाशिवाय इलेक्ट्रॉन देतात यावर जगात पुष्कळ काम झालं. त्यात आमच्या पेरूखालच्या मडक्यांचं नाव कुठं नाही, आणि असायचं कारणही नाही. पण त्या संध्याकाळचा आनंद पहिल्या नंबराचा होता, तो मला कुणी उसना दिलेला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी धुळ्याची एसटी पकडून सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "छान. पण ही वीज जिवाणूंचीच कशावरून? गाळात क्षार असतात. तुझ्या तारेचं तांबं गंजत असेल. त्यानंही काटा हलतो."

"मग काय करू?"

"एक मडकं उकळ. गाळ तोच, कांड्या त्याच, तारा त्याच. फक्त आतले सगळे मारून टाक. मग काटा शून्यावर आला, तर समितीपुढे तुझ्या बाजूनं मी बोलेन."

यात चुकीचं काहीच नव्हतं. शास्त्रात हे पहिलं करायचं असतं, आणि मी आनंदाच्या भरात विसरले होते. परत येऊन मी भाभीजींना सांगितलं, की मोठं पातेलं द्या, माझ्या स्टोव्हवर एक मडकं उकळायचंय. का, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"माझी नोकरी आहे यात, भाभीजी."

"ते कळतं मला. पण माझ्या घरात नाही."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही रोज सकाळी प्यायचं पाणी उकळता. त्यात जीव नसतात? तेव्हा चालतं?"

त्यांना ते लागलं. त्या म्हणाल्या, "पिण्यासाठी उकळतो आम्ही, बेटा. त्याच्याशिवाय चालत नाही म्हणून. तू बघण्यासाठी उकळणार."

याच्यावर माझ्याकडे उत्तर होतं, नाही असं नाही. औषधं कशी सापडली, दूध कसं टिकतं, सगळं भाषण तयार होतं. पण ते मी दिलं नाही आणि खोलीत जाऊन दार आपटलं. पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. जीव आहेत हे मीच सांगितलं होतं. स्वतःच्या शकलेवर मी पुन्हा कधी इतकी चिडले नाही.

तिसऱ्या दिवशी मला पळवाट सापडली. वीटभट्टीवर भाजलेल्या मातीत जिवंत काही उरत नाही. ती माती मी मारलेली नसेल. ती विटांसाठी आधीच भाजलेली असेल. मी भट्टीवरून लाल भुगा आणला, चौथं मडकं भरलं आणि भाभीजींना म्हटलं, तुमचं सकाळचं उकळलेलं पाणी द्या. त्यांनी तांब्या भरून आनंदानं दिलं. कांड्या पुरल्या, मीटर लावलं, काटा शून्यावर निजून राहिला. "झालं की!" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला, की मलाही वाटलं झालं. धुळ्याला नेण्यासाठी विटेचं एक आणि गाळाची दोन अशी मडकी मी पिशव्यांत बांधायला घेतली, तेव्हा एसटीत हिंदकळू नयेत म्हणून त्यांनी स्वतः जुन्या साडीचं कापड फाडून तोंडं बांधून दिली.

सरांनी विटेच्या मडक्याकडे एकदाच पाहिलं. "हे मेलेलं नाही," ते म्हणाले. "हे कधी जिवंतच नव्हतं. विटेत गाळातले क्षारही नाहीत. समितीतला कुणीही पहिल्या मिनिटाला हेच विचारील." मी त्यांना घरची सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. त्यांच्या प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह होता, वाफेच्या दाबाखाली सगळं निर्जंतुक करणारं यंत्र, मोठा प्रेशर कुकरच म्हणा. त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तापायला ठेवलाय. मी सांगितलं म्हणून करू नको. तुला हवं असेल तर कर." आणि ते पेपर तपासायला शेजारच्या खोलीत गेले.

मी बराच वेळ कापड बांधलेल्या मडक्यांपुढे उभी होते. मला जिवाणूंची दया येत होती असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. तोपर्यंत मी कॉलेजात असे किती डबे उकळून ओतले असतील. मला दिसत होता तो भाभीजींचा झालं-की म्हणतानाचा चेहरा. पण माझा प्रश्न खरा होता, आणि त्याला दुसरं उत्तर नव्हतं. मी कापड सोडलं, एक गाळाचं मडकं आत ठेवलं आणि झाकण आवळलं. आजही तोच प्रसंग आला तर तेच करीन.

निवल्यावर मीटर लावलं. काटा शून्यावर. शेजारच्या जिवंत मडक्याचा वर. सर म्हणाले आठवडाभर दोन्ही इथंच राहू देत, कदाचित उशिरा उठेल. तो आठवडा भाभीजी रोज विचारायच्या, "मडकी कधी आणणार?" आणि मी सांगायचे, "सर बघतायत." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आठवड्यानं गेले तर जिवंत मडक्याचा काटा तसाच वर होता आणि उकळलेल्याचा शून्यावरच. सरांनी कागदावर सही केली. "आता तुझा विषय कुणी अडवत नाही," म्हणाले, आणि पुढे तसंच झालं. येताना एसटीत दोन्ही मडकी मांडीवर होती. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, आणि जळगाव जवळ येऊ नये असंही वाटत होतं.

दुपार टळली होती. भाभीजी अंगणातच होत्या. त्यांनी मडकी पेरूखाली ठेवून घेतली, कापडं सोडली आणि म्हणाल्या, "मीटर लाव."

मी लावलं. पहिल्याचा काटा वर गेला. दुसऱ्याचा जागचा हलला नाही. त्या वाकून बघत राहिल्या. काटा वाचायला मीच शिकवलं होतं.

"बठ्ठे?" त्यांनी विचारलं. बठ्ठे म्हणजे सगळे; जन्म जळगावात गेल्यामुळे असा एखादा अहिराणी शब्द त्यांच्या तोंडी यायचाच.

"हो," मी म्हणाले. "बठ्ठे. सरांकडे केलं मी. विटेचं चाललं नाही."

मला वाटलं आता खोली सोडायला सांगतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी फक्त विचारलं, "नोकरी राहिली?" मी हो म्हटलं. "चांगलं झालं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. शेजारणीनं भिंतीवरून त्यांना चहाला हाक मारली, तर त्या म्हणाल्या, "आज उपवास आहे माझा." शेजारणीनं विचारलं, आज कसला? तिथी नाही, पर्व नाही. भाभीजी म्हणाल्या, "आहे एक." मला कळायचं ते कळलं. मी ओला टॉवेल हातात घेऊनच त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"मडकं मी उकळलं. मग उपवास तुम्ही कशाला करता?" माझा आवाज चढलाच होता.

"पेरूखाली जागा मी दिली होती," त्या म्हणाल्या. "माझ्या घरातून गेले ते."

"मग मीही करते आज."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "तुझ्यानं नाही होणार बेटा. बारा वाजले की तू भुकेनं कासावीस होतेस."

मी हट्टानं खोलीत जाऊन बसले. स्टोव्ह पेटवला नाही. बारा वाजले आणि खरंच पोटात कावळे ओरडायला लागले. मी पाणी पिऊन घेतलं आणि पुस्तक उघडलं. तेवढ्यात दार वाजलं. भाभीजी ताट घेऊन उभ्या होत्या. वरण, दुधीची भाजी आणि तव्यावरून काढलेले फुलके. त्यांनी ताट ठेवलं आणि समोर बसल्या. स्वतः सकाळपासून उपाशी, आणि माझ्या फुलक्याला तूप लावत होत्या.

पहिल्याच घासाला मला रडू आलं.

"तिखट झालं का?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडात मुगाचं साधं वरण होतं. "हो," मी म्हणाले, आणि जेवत राहिले.